मागीलदार

रो-हाउसच्या जाहिराती पाहिल्यात का कधी? त्यांच्या शेवटच्या पानावर हमखास एक मागचं अंगण असतं. हिरवीगार लॉन, वेताचा झोपाळा, कोपऱ्यात बार्बेक्यू आणि वर पिवळ्या दिव्यांच्या माळा. सगळं असतं, फक्त माणूस नसतो. आता एखाद्या रविवारी संध्याकाळी कुठल्याही रो-हाउस कॉलनीत मागच्या गल्लीतून चक्कर मारा. तिथेही माणूस नसतो. एक पंक्चर सायकल, रंगाचे रिकामे डबे आणि एकेकाळी झोपाळा असावा असा एक गंजका सांगाडा.

का बसत नाही बाहेर, असं विचारलं की तीन उत्तरं मिळतात. ऊन, डास आणि चिखल. तिन्ही खरी आहेत. पण हे तिन्ही आपल्या आजीच्या परसातही होतंच की! तरी तिथे दिवसभर वर्दळ असायची. कारण तिथे काम असायचं. भांडी, धुणं, वाळवण, अळू, गाईचं पाणी. लोक कामाला जायचे आणि जाता जाता बसायचे. आपण त्यातलं काम काढून टाकलं आणि नुसतं बसणं शिल्लक ठेवलं. नुसतं बसायला घरात सोफा आहे, आणि त्याच्या डोक्यावर पंखाही आहे.

हे सगळं मी मोठ्या आवाजात सांगतोय, पण ते मला सुचलं आईमुळे. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि आई रत्नागिरीजवळचं घर बंद करून पुण्याला आमच्याकडे आली. तिकडे तिचं सगळं आयुष्य मागीलदारी गेलं. (कोकणात परसदाराला मागीलदार म्हणतात. पुढीलदारी पाहुणे, मागीलदारी घरचे.) इथे ती सकाळी आंघोळ करून सोफ्यावर बसायची ती जेवायलाच उठायची. गुडघे धरले होते. डॉक्टर म्हणाले, चाला, थोडं उन्हात बसा. आम्ही म्हटलं, मागे जाऊन बस की जरा. त्यावर ती म्हणाली, "अरे, बाहेर जाऊन करू काय?"

आणि वर, "दिवाळीपर्यंत राहते, मग जाते मी घरी."

म्हणजे त्या बंद घरात, एकटी, विहिरीच्या निसरड्या पायऱ्यांसकट. त्या दिवशी रात्री मी आणि बायको बराच वेळ जागे होतो. शेवटी ठरलं की मागची जागा करायची. पण जाहिरातीतली नाही. "बाहेर जाऊन करू काय" ही आमची रिक्वायरमेंट.

जागा मोठी नाही. १८ फूट लांब, १२ फूट खोल, स्वयंपाकघराच्या मागे, पश्चिमेला. म्हणजे २१६ चौरस फूट. आधी एक तक्ता केला (सवय जाते थोडीच). कोण, किती वाजता, कशासाठी मागे जाईल? चार रकाने भरले. सकाळी सात : आई, तुळस आणि फुलं. दहा : भांडी आणि भाजी निवडणं. दुपारी : कपडे, आणि उन्हाळ्यात वाळवण. संध्याकाळी सहा : चहा, सगळे. ज्या गोष्टीसाठी या तक्त्यात ओळ नाही, ती बांधायची नाही असा नियम केला. लॉन तिथेच गळाली, बार्बेक्यूही.

आपल्या धंद्यातल्या लोकांना ख्रिस्टोफर अलेक्झांडर हे नाव माहीत असतं. नसलं तरी त्यांचं ऋण असतंच. १९७७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अ पॅटर्न लँग्वेज' हे वास्तुरचनेवरचं पुस्तक काढलं, त्यात घरांचे आणि गावांचे २५३ पॅटर्न आहेत. सॉफ्टवेअरवाल्यांनी 'डिझाइन पॅटर्न' ही कल्पना तिथूनच उचलली. त्यातला एक पॅटर्न सांगतो की सहा फुटांपेक्षा कमी खोलीची बाल्कनी कोणी वापरत नाही, कारण तिथे दोन खुर्च्या आणि मध्ये टेबल अशी बैठक जमत नाही. हा आम्ही जसाच्या तसा घेतला. दुसरा सांगतो की मोकळी जागा घराच्या दक्षिणेला ठेवा, म्हणजे ऊन मिळेल. हा थंड देशाचा. आपल्याकडे ऊन मिळवण्यापेक्षा ते कधी आणि किती घ्यायचं हा प्रश्न आहे. तेव्हा गणित स्वतःच करावं लागलं.

तुमचं अंगण पश्चिमेला असेल तर हे नीट वाचा, कारण बहुतेक जण इथे पैसे घालवतात. पहिली सूचना असते पर्गोलाची. पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो (शून्य सावलीचा दिवस तोच), तेव्हा पर्गोला उत्तम सावली देतो. पण मे महिन्यात भरदुपारी बाहेर बसतंय कोण? आपण बसणार पाचला. त्या वेळी सूर्य क्षितिजापासून साधारण २७ अंशांवर असतो. ९ फूट उंच छपराच्या कडेची सावली तेव्हा १८ फूट लांब पडते. अंगण १२ फुटांचं. म्हणजे सावली घराच्या भिंतीवर आणि ऊन तुमच्या तोंडावर!

उलट पश्चिमेची कंपाउंडची भिंत बघा. आमची ५ फूट आहे. त्याच वेळी तिची सावली जमिनीवर १० फूट येते. बसलेल्या माणसाचं डोकं ४ फुटांवर धरलं तर तिथे मात्र दोनच फूट. मग भिंतीवर ३ फुटांची लोखंडी जाळी उभी केली आणि तिच्यावर कृष्णकमळ चढवलं. आता डोक्याच्या उंचीला ८ फूट सावली मिळते. कट्टा घराच्या भिंतीला न टेकवता कंपाउंडच्या भिंतीला टेकवून बांधला. याचा आणखी एक फायदा. घराची पश्चिमेची भिंत दिवसभर तापते आणि रात्री आठपर्यंत तव्यासारखी धग सोडत राहते. तिच्यापासून जितकं लांब बसाल तितकं बरं.

मधली जागा मुद्दाम उघडी ठेवली. थंडीत सकाळी घराचीच सावली पडते, पण बारानंतर तिथे छान ऊन येतं. आईचे गुडघे शेकायला तेवढं पुरतं, आणि उन्हाळ्यात पापड-कुरडयांनाही. छप्पर फक्त स्वयंपाकघराच्या दाराशी, ६ फूट खोल आणि ७ फूट रुंद. वर मंगलोरी कौलं. पत्रा स्वस्त पडतो, पण जुलैत पत्र्याखाली बसून गप्पा मारायच्या तर ओरडावं लागतं. (मार्जिनमध्ये छप्पर घालण्याआधी सोसायटीत आणि महापालिकेत परवानगीचं विचारा. शेजाऱ्याने विचारण्याआधी आपण विचारलेलं चांगलं.)

आता चिखल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमची जागा २० चौरस मीटर. पुण्याचा पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटर धरला तर १४,००० लिटर. म्हणजे एक मोठा टँकर आणि वर आणखी. ते कुठे जाणार हे आपण ठरवलं नाही तर ते पाणी स्वतः ठरवतं, आणि बहुतेक वेळा स्वयंपाकघर निवडतं. मिस्त्रीची भाषा इथे उपयोगी पडते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "फुटाला एक सूत उतार द्या," एवढं म्हटलं की त्याला सगळं कळतं. १२ फुटांत दीड इंच. डोळ्याला दिसत नाही, पाण्याला दिसतो. फरशी रफ शहाबादी घातली, गुळगुळीत टाइल नाही. तिच्यावरही पावसाळ्यात शेवाळं धरतंच, पण तारेच्या ब्रशने आणि ब्लीचिंग पावडरने निघतं. ज्या घरात सत्तरीकडे झुकलेलं माणूस आहे तिथे पाय न घसरणं हा शोभेचा मुद्दा नाही.

आणि मग कामाची जागा. दाराशी, छपराखाली, एक मोरी. पण जुन्यासारखी जमिनीवर नाही, ३२ इंच उंच, उभ्याने काम करता येईल अशी. कट्टा मात्र १८ इंच, नेहमीपेक्षा किंचित उंच. खाली बसलेलं माणूस हाताने रेटा देऊन उठतं, म्हणून कट्ट्याच्या एका टोकाला पाइपचा दांडा. भाजी आणि तांदूळ धुतलेलं पाणी अळूला जातं, साबणाचं पाणी वेगळ्या नळीने कर्दळीला. (कर्दळ असलं पाणी आवडीने पिते. सांडपाणी शुद्ध करायच्या हौदांत ती लावतात ती उगीच नाही.) कपड्यांच्या दोरीला आमच्या एका वास्तुविशारद मित्राचा विरोध होता, "लूक जातो रे!" तुम्ही थ्रीडी चित्रात कधी कपड्यांची दोरी पाहिली आहे? मी नाही. पण माणूस दिवसातून दोनदा मागे जातो तो दोरीसाठीच. एकदा वाळत घालायला आणि एकदा काढायला. दोरी राहिली, आणि मित्रही राहिला. :)

डासांचं म्हणाल तर औषधापेक्षा कॅलेंडर उपयोगी. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून निघून उडायला लागायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा : कुंड्यांखालच्या थाळ्या, बादल्या, सगळं रिकामं. आमचा शनिवार. दिवे पिवळे आणि खाली, कट्ट्याच्या पायाशी लावलेत. पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे जास्त झेपावतात, मग चहाच्या कपात पोहायला येतात.

काम मे महिन्यात संपलं. पहिले चार दिवस आई दारातूनच बघत होती. पाचव्या दिवशी सकाळी भांड्यांचा आवाज आला म्हणून मी उठलो, तर कामवाल्या मावशींना बाजूला करून ही मोरीशी उभी. "त्यांना घासता येत नाही नीट," म्हणे. मावशींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. नंतर दोघींची गट्टी जमली, आता दहा वाजता दोघी कट्ट्यावर बसून भाजी निवडतात आणि आख्ख्या कॉलनीचा समाचार घेतात. गुडघे बरे झालेत असं मी म्हणणार नाही. पण आई दिवसाला पंधरा-वीस वेळा तरी आत-बाहेर करते, आणि एवढं चालायला तिला कोणी सांगावं लागत नाही.

बाबांचा विषय ती घरात काढत नसे. मागे काढते. कढीपत्ता तोडता तोडता, पाठमोरी असताना. "त्यांना अळूचं फदफदं फार आवडायचं" एवढंच. आम्हीही मग हातातलं काम थांबवत नाही. समोरासमोर बसून हे बोलणं आम्हाला जमलं नसतं, असं आता वाटतं.

जूनच्या पहिल्या पावसात तिने गावाहून मागवलेली हळद लावली. श्रावणात तिच्या पानांत पातोळ्या झाल्या. हळद तयार व्हायला आठ-नऊ महिने लागतात, म्हणजे काढणीला फेब्रुवारी तरी उजाडेल. दिवाळी त्याच्या बरीच आधी येते. मी काही विचारलेलं नाही, बायकोलाही विचारू नकोस म्हणून सांगितलंय.

तुमच्याकडे मागे रिकामी जागा असेल तर खर्च करण्याआधी महिनाभर फक्त एक करा. एक नळ सुरू करा, एक दोरी बांधा, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाका आणि कोण कधी मागे जातं ते बघा. जिथे पावलं पडतील तिथे फरशी घाला. बाकीचं नंतर.

असो. शनिवार आहे, थाळ्या रिकाम्या करायच्या राहिल्यात, आणि आतून हाक आलीच आहे.