बाळी

माझ्या इन्स्टा पेजवर ‘निसर्गातून प्रेरित चांदीचे दागिने’ असं लिहिलंय. ते टाइप करताना मला थोडं हसू आलं होतं. आपल्याकडे दागिना दुसरीकडून आलाय तरी कुठून? बोरमाळ बोरांची, जोंधळी पोत जोंधळ्याच्या दाण्यांची, बकुळीहार बकुळीच्या फुलांचा, चंपाकळी चाफ्याच्या कळीची. पायाच्या बोटात मासोळी. आपल्या आज्या-पणज्या शेत, झाड आणि नदी अंगावर घालून फिरायच्या. त्याला ‘नेचर इन्स्पायर्ड’ कुणी म्हणत नव्हतं, एवढंच.

मी नाशिकची. शहरात एका खोलीत माझं वर्कशॉप आहे. गाव निफाड तालुक्यात, घरची द्राक्षबाग. त्यामुळे बोर-बकुळीच्या यादीत माझी भर कुठली असणार, हे ठरल्यासारखंच होतं. द्राक्षाची वेल आधाराला धरायला जो नाजूक, गुंडाळणारा तंतू काढते, त्याला आमच्याकडे बागायतदार ‘बाळी’ म्हणतात. कानातल्या बाळीसारखाच शब्द. माझा सगळ्यात जास्त विकला जाणारा दागिना तोच आहे: द्राक्षाची बाळी, चांदीत, कानासाठी.

करायला सोपी वाटते, पण नाही. शुद्ध चांदी फार मऊ. वळवली की वळलेली राहत नाही, पिशवीत दबली की चपटी होते. म्हणून हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि बाकी बहुतेक तांबं. ती वितळवून कांडी ओतायची, ठोकायची आणि मग जंतराच्या भोकांतून ओढायची. एकातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, दर वेळी जरा लहान भोकातून. ओढता ओढता तार कडक होते, चिरायला बघते. मग ती तापवून मऊ करायची आणि परत ओढायची. शेवटी सळईवर पीळ द्यायचा, सवागी लावून डाकानं कडी जोडायची, रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशनं घासायची. हे सगळं सहा ग्रॅमच्या जोडीसाठी.

आता अडचण. बाळी ही बागायतदाराला नको असलेली गोष्ट आहे.

द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. लोकांना वाटतं घड ऑक्टोबरनंतर तयार होतो. तो दिसतो तेव्हा, पण ठरतो आधीच. एप्रिलनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यांत, मे-जूनमध्ये, डोळ्याला दिसणार नाही इतका बारीक घड आकार घेत असतो. घड आणि बाळी दोन्ही एकाच कोंबातून होतात. ऊन मिळालं, काडीत अन्न साठलं, तर त्याचा घड होतो. ढगाळ हवा आणि पाऊस लांबला, तर त्याच कोंबाची बाळी होते.

२०२५ मध्ये पावसाळा महाराष्ट्रात मे महिन्यातच आला. त्याआधीही अवकाळी पडतच होता. आमच्या काड्यांना हवं तेव्हा ऊन मिळालं नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फुटी निघाल्या, आणि आप्पा रोज सकाळी ओळीतून एकेक काडी मोजत फिरायचे. जिथे दोन घड हवेत तिथे बाळी. पुढच्या काडीवर बाळी. त्याच आठवड्यात दिवाळीच्या ऑर्डरी होत्या आणि माझ्या फोनवर मेसेज येत होते: ‘ताई, ग्रेप टेंड्रिल परत कधी येणार?’

मी विचारलं, “आप्पा, मी हे विकणं बंद करू का?”

ते म्हणाले, “का? तुझं विकून माझे घड येणारेत का?”

मग ते उठले आणि मला ओळीत घेऊन गेले. एक मोकळी बाळी दाखवली, एक मांडवाच्या तारेला धरलेली. मोकळी एकाच बाजूला वळलेली. धरलेलीचे पीळ मात्र अर्ध्यापर्यंत एका बाजूला आणि मध्येच उलटून दुसऱ्या बाजूला. आप्पा तीस वर्षं बागेत आहेत. म्हणाले, दोन्ही टोकं पक्की झाल्यावर एकाच बाजूला पीळ बसणार कसा? नंतर मी वाचलं, डार्विननं १८६५ मध्ये वेलींवर लिहिताना नेमकी हीच गोष्ट मांडली होती. वाऱ्यात वेल हलते तेव्हा हा दुहेरी पीळ स्प्रिंगसारखा ताणतो, तुटत नाही.

तेव्हापासून मी दोन डिझाइन करते. ‘मोकळी’ आणि ‘धरलेली’. धरलेलीला दुप्पट वेळ लागतो, कारण मध्यावर पीळ उलटवताना तार मोडते. त्यात चांदीचा भाव. २०२५ च्या सुरुवातीला किलोला ९० हजारांच्या आसपास होता, वर्ष संपताना दोन लाखांच्या पुढे. म्हणजे एका जोडीत आधी सव्वापाचशे-साडेपाचशेची चांदी जायची, वर्षअखेरीस बाराशेच्या वर. तार बारीक कर, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण बारीक तारेचा पीळ उघडतो. मी किंमत वाढवली, ऑर्डरी कमी झाल्या, तार तीच ठेवली.

बॉक्समधल्या कार्डावर आधी फक्त काळजीच्या सूचना असायच्या: अत्तर लावू नका, हवाबंद पिशवीत ठेवा. आता खाली एक ओळ असते: ‘ऊन मिळालं असतं तर हा घड झाला असता.’ एका मुलीनं लिहिलं, ‘हे वाचून वाईट वाटलं, दागिन्याबरोबर असं कशाला?’ दुसरीनं काही न लिहिता तिच्या वडिलांच्या बागेचा फोटो पाठवला. ती दिंडोरीची निघाली.

आप्पांना कार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, “नुसतं ऊन नाही. खतं, पाणी, सगळंच लागतं.” कार्डावर जागा नाही, म्हटलं. ते परत खरड छाटणीच्या मजुरांचा हिशोब करायला बसले.