सुरुवात खराट्यापासून

वर्तनशास्त्र शिकायचं म्हणून डॅनियल काहनमन यांचं २०११चं पुस्तक वाचतोय. पुस्तक उत्तम, उदाहरणं मात्र दूरची. आज अमरावतीत विद्यापीठाच्या फाटकावर संत गाडगेबाबांचं नाव वाचलं आणि वाटलं, पहिला धडा इथलाच हवा.

बाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. बघणारेही मग झाडायला लागत. रात्री कीर्तनात उपदेशापेक्षा प्रश्न जास्त. उत्तरं लोकांच्याच तोंडून वदवून घ्यायची. चारचौघांत स्वतः दिलेलं उत्तर सहजासहजी मोडवत नाही. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्यांनी गोडाचं जेवण घातलं. नवी रीत कुणीतरी आधी करून दाखवावी लागते.

अकोल्यात पेरणीच्या तोंडावर कृषी केंद्रात उभं राहिलं की ऐकू येतं, "बाजूवाल्यानं कोनतं बियानं नेलं?" हे अडाणीपण मुळीच नाही. पाऊस बेभरवशाचा असताना शेजाऱ्याचं शेत हाच डोळ्यांनी पाहिलेला पुरावा. माणूस निव्वळ हिशेबानं वागत नाही, हे अर्थशास्त्राला पटवणाऱ्या रिचर्ड थेलर यांना २०१७मध्ये नोबेल मिळालं.

हा विषय नव्यानं शिकणाऱ्यांनी पुस्तकासोबत एक वही ठेवावी. आठवडी बाजारात कोण कुणाकडे बघून काय ठरवतो, ते तीत टिपावं.