पाण्याची हजेरी

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. आमच्या उर्दू शाळेतल्या बहुतेक मुलांनी तो पाहिलेलाही नाही. त्यामुळे भूगोलाच्या तासाला 'खाजण' हा शब्द आला की फळ्यावर चित्र काढावे लागते. समुद्राकाठी वाळूचा लांब बांध तयार होतो. त्याच्या आत पाणी साठते. एका बाजूने नद्या गोडे पाणी आणतात, दुसऱ्या बाजूच्या अरुंद मुखातून भरतीचे खारे पाणी शिरते. मुले हमखास विचारतात, "सर, मग ते पाणी खारं की गोडं?"

या प्रश्नाचे उत्तर एका दिवसात मिळत नाही. मे महिन्यात मोजले तर पाणी खारट. भर पावसाळ्यात नदीच्या तोंडाशी मोजले तर जवळजवळ गोडे. दोन्ही उत्तरे खरी, पण दोन्ही अपुरी. अशा पाण्याचा स्वभाव जाणून घ्यायचा तर त्याची वर्षानुवर्षे हजेरी घ्यावी लागते.

ओडिशातील चिलका हे आपल्या देशातले सर्वांत मोठे खाजण. उन्हाळ्यात ते सुमारे ९०० चौरस किलोमीटर असते, पावसाळ्यात ११०० च्या वर पसरते. ॲनन्डेल आणि केम्प या शास्त्रज्ञांनी १९१४ च्या सुमारास तिथल्या जीवांच्या नोंदी सुरू केल्या. १९८५ ते १९८७ या काळात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने पुन्हा पाहणी केली. पहिल्यांदा नोंदी करणारे तेव्हा हयात नव्हते, पण त्यांच्या याद्या हाताशी होत्या.

मधल्या काळात नद्यांचा गाळ साचत गेला आणि समुद्राकडचे मुख अरुंद झाले. पाणी होते, पण त्यातले मीठ कमी होत होते. मीठ डोळ्यांना दिसत नाही. पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली, कोळ्यांची जाळी रिकामी येऊ लागली. १९८१ मध्ये रामसर यादीत मानाने बसलेले हे सरोवर १९९३ मध्ये धोक्यात आलेल्या पाणथळींच्या यादीत गेले. अभ्यासाअंती सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख उघडण्यात आले. खारेपणा परतला, मासळी वाढली आणि २००२ मध्ये चिलका त्या यादीतून बाहेर आले. मुख कुठे उघडायचे, हे कुणाला स्वप्नात दिसले नव्हते. मोजमापांनी ते सांगितले.

एकोणतिसाव्या संध्याकाळी आकाशात चाँद शोधणाऱ्या आपल्या लोकांना हा सबर नवा नाही. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून सुमारे ३३ वर्षांनी त्याच ऋतूत येतो. आमच्या घरच्या बुजुर्गांनी १९८६ च्या मे महिन्यात रोजे धरले आणि २०१९ च्या मे महिन्यात, दुष्काळातही धरले. दोन्ही उन्हाळ्यांच्या गोष्टी ते सांगतात. पण विहिरीचे पाणी तेव्हा किती हात होते, हे कुणी लिहून ठेवलेले नाही. आठवण थकते, वही थकत नाही.

आमच्या जिल्ह्याच्या शेवगाव-नेवासा भागाला जायकवाडीचा नाथसागर लागून आहे. थंडीत तिथे दूरदूरचे पक्षी उतरतात. मुंबईत १८९६ साली जन्मलेल्या सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने अशा पाहुण्या पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घालण्याचे मोठे काम केले. पुढे चिलकावरही ते झाले. एकाने कडे घालायचे आणि कित्येक वर्षांनी, हजारो मैलांवर, दुसऱ्याने ते वाचायचे. कडे घालणाऱ्याला उत्तर मिळेलच असे नाही. तरी तो घालतो.

हे शिकवताना आम्हाला आपल्या शाळा आठवतात. दरवर्षी पटसंख्या कळवली जाते आणि पट भरलेला दिसतो. पण पहिलीत आलेल्या मुलींपैकी दहावीपर्यंत किती जणी पोहोचल्या, हे त्या आकड्यात दिसत नाही. एक जाते, दुसरी येते. पाणी तेवढेच, मीठ मात्र कमी. दाखल्यावर कारण लिहिलेले असते, 'पालकांच्या विनंतीवरून'. त्यामागे लग्न असते, लहान भावंडे असतात, घरापासून लांब असलेले हायस्कूल असते. बी.एड.ला आम्ही संचयी नोंदपत्रक शिकलो होतो, एकाच मुलाची वर्षानुवर्षांची नोंद. परीक्षेनंतर ते पुस्तकातच राहते.

प्रत्येक उर्दू शाळेने एक जाड वही घालावी. पहिलीतल्या प्रत्येक मुलीचे नाव त्यात लिहावे आणि दर जूनमध्ये त्यापुढे एक ओळ भरावी: कुठे आहे, शिकते आहे का, नसेल तर का नाही. शिक्षकांच्या बदल्या होतील, मुख्याध्यापक निवृत्त होतील. वही मात्र कपाटात राहावी आणि नव्या माणसाने पुढची ओळ लिहावी. दहा वर्षांनी मोहल्ल्यातल्या लोकांसमोर ती उघडली, तर आपले मुख नेमके कुठे बुजले आहे, ते कळेल.