डोक्यावरून जाणारं आभाळ

आजीचं माहेर वाईजवळ, कृष्णेच्या काठी. सासर दहिवडीच्या बाजूला, माणदेशात. 'पर्जन्यछाया' हा शब्द मी शाळेत फार उशिरा वाचला. त्याआधी तो आजीच्या तोंडून ऐकला होता. आषाढात ओसरीवर उभी राहून ती मावळतीकडं बघायची आणि म्हणायची, "आभाळ डोक्यावरनं जातंय, पण उतरत न्हाई."

समुद्रावरून आलेला वारा सह्याद्री चढतो, थंडावतो आणि घाटमाथ्यावरच रिता होतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस. तिथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर दहिवडीला पाचशेच्या आसपास, तोही बराचसा परतीचा, उत्तरा-हस्ताचा. हे अंतर एसटीनं काही तासांत कापता येतं. विहिरीच्या दोरानं मोजलं तर मात्र आजीला ते जन्मभर पुरलं.

भूगोलात 'स्थान' वेगळं आणि 'ठिकाण' वेगळं. स्थान म्हणजे अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे. ठिकाण म्हणजे त्या आकड्यांवर माणसांनी काढलेले दिवस: हुलग्याचं माडगं, तळाला गेलेली विहीर, हत्तीच्या पावसाची वाट. आणि 'प्रदेश'? माणदेश नावाचा जिल्हा नाही, तालुका नाही. सातारा, सांगली, सोलापूर अशा तीन जिल्ह्यांत तो पसरलाय. तरी आटपाडीच्या माणसाला म्हसवडचा माणूस परका वाटत नाही. दोघांचं कोरडेपण एक.

ही सगळी विद्या मला धनगरांच्या पायांत दिसते. दिवाळीच्या सुमारास वाडे निघतात, घाट उतरून कोकणात जातात. भातकापणी झालेल्या खाचरांत मेंढरं बसवतात. लेंड्यांचं खत शेताला, बदल्यात धान्य नाहीतर पैसे. पावसाळ्याच्या तोंडाशी परत वर, कारण कोकणच्या चिखलात मेंढराचे खूर टिकत नाहीत. ज्या कोरडेपणाला आम्ही नशीब म्हणून बोल लावत आलो, तेच त्यांच्या कळपाला जगवतं. हे कळल्यापासून माणदेशाला नुसतं 'दुष्काळी' म्हणताना माझी जीभ अडते.

नकाशाचं प्रमाण बदललं की जगही बदलतं. राज्याच्या नकाशात आमचं गाव नाहीच. एकास पन्नास हजारच्या नकाशात दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. तिथं ओढे दिसतात, पायवाटा दिसतात.

एकदा मी आजीपुढं भारताचा नकाशा पसरला. कृष्णेवरून बोट फिरवत आणलं. मग माणगंगेपासून निघालो. ती भीमेला मिळते आणि भीमा रायचूरकडं कृष्णेला. "बघ, तुझ्या माहेरचं पाणी न् सासरचं पाणी इथं एक होतं."

आजीनं चष्मा सावरला. बराच वेळ त्या जागेवर बोट ठेवून बसली. मग विचारलं, "हितं गाव कुठलं रं? माणसं कशी हायती?"