फोटोमागची चिठ्ठी

मंगरूळपीरला माझा फोटो स्टुडिओ आहे. सोयाबीन निघालं की घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून घ्यायला लोक येतात. अशाच एका दिवाळीआधी जवळच्या खेड्यातला एक शेतकरी आजाचा पासपोर्टएवढा फोटो घेऊन आला. आजा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत होता. काम सांगून झालं, तरी तो उठेना.

"भाऊ, माह्या आजाचा लढाईतला फोटू भेटन का कुठी?"

रात्री दुकान बंद करून आम्ही दोघं संगणकासमोर बसलो. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात इटलीतल्या मराठा जवानांचे फोटो आहेत. ते काढले ब्रिटिश सैन्याच्या आर्मी फिल्म अँड फोटोग्राफिक युनिटने. १९४१ साली उभं राहिलेलं हे युनिट. त्यातले सार्जंट पाइनवुडच्या सिनेमा स्टुडिओत शिकायचे आणि आघाडीवर जायचे. अनेकांच्या हाती सुपर आयकॉन्टा, घडीचा कॅमेरा. तसला कॅमेरा मी माझ्या उस्तादांकडे वापरलाय. त्याचं भिंग बदलता येत नाही. माणूस जवळून हवा, तर आपणच त्याच्या जवळ जायचं. गोळीबारात हे कसं केलं असेल, या विचाराने माझे हात गार पडले. सिनेमाचे रोल तर न धुताच इंग्लंडला जायचे. काय टिपलं, हे टिपणाऱ्यालाच दिसायचं नाही.

रोलसोबत चिठ्ठी लिहायची असे: जागा, तारीख, पलटण, फोटोत कोण. आम्ही पाहिलेल्या कितीतरी फोटोंखाली सार्जंटचं नाव होतं आणि समोरच्यांचं नुसतं 'मराठा जवान'. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत धारातीर्थी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला म्हणून त्यांचं नाव तरी सगळ्यांना ठाऊक आहे. मला राग आला, आणि लगेच माझं कपाट आठवलं. तीस वर्षांच्या लग्नांच्या निगेटिव्ह, आणि पाकिटांवर फक्त तारखा. त्या माणसांची नावं मीही लिहिली नाहीत.

आजा सापडला नाही. एका फोटोत सात-आठ जवान भिंतीच्या आडोशाला बसले होते. शेतकरी एकेक चेहरा निरखत राहिला. मग म्हणाला, "हाच मोठा करून द्या. आजाच्या बाजूले लावतो. यातल्या कोनी तं त्याले पाह्यलंच असन ना, भाऊ."

फ्रेमच्या मागे मी पेन्सिलीने आजाचं नाव आणि गाव लिहून दिलं.