बंद पडायला टपलेलं यंत्र

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एक प्रयोग हमखास असायचा. तळ कापलेली प्लास्टिकची बाटली, बुचातून आत गेलेली दुतोंडी नळी, तिच्या दोन टोकांना दोन फुगे आणि तळाला ताणून बसवलेलं रबर. परीक्षक आले की पोरगा रबर खाली ओढायचा, फुगे फुगायचे, आणि तो पाठ केलेलं म्हणायचा, "हे श्वासपटल, ही फुप्फुसं..."

त्या प्रयोगातलं रबर एकदम बरोबर आहे. श्वास ओढेल असा स्नायू फुप्फुसाकडे नाहीच. श्वासपटल खाली सरकतं, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीतली जागा वाढते आणि बाहेरची हवा आपोआप आत घुसते. फुप्फुस आपलं नुसतं बरोबर जातं, बॉसबरोबर मीटिंगला गेलेल्या ट्रेनीसारखं.

फुगे मात्र साफ चूक. आत पोकळी नाहीच, स्पंज आहे. मटणाच्या दुकानात बोकडाचं फुप्फुस बघितलं असेल तर कळेल, हातात घेतलं तर हलकं लागतं आणि पाण्यात टाकलं तर तरंगतं. शिवाय दोन्ही बाजू सारख्याही नाहीत. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन, कारण डावीकडे हृदयाला जागा करून द्यावी लागते. उजव्या बाजूला जाणारी नळी जास्त रुंद आणि जास्त सरळ उतरते. म्हणून लहान मुलाला शेंगदाण्याचा ठसका लागून तो आत गेलाच, तर बहुतेक वेळा उजवीकडे सापडतो.

मुख्य श्वासनलिकेचे दोन फाटे होतात, त्या प्रत्येकाचे दोन, असं करत करत साधारण 23 वेळा. आपल्या धंद्यातल्या माणसाला हे बायनरी ट्री बघून घरी आल्यासारखं वाटतं. 2 चा 23 वा घात म्हणजे 83,88,608. जवळजवळ चौऱ्याऐंशी लक्ष! (निव्वळ योगायोग आहे. कृपया फॉरवर्ड करू नका.) सुरुवातीच्या सोळाएक पातळ्या म्हणजे नुसतं पाइपिंग, तिथे प्राणवायूची देवघेव होत नाही. शांतपणे घेतलेल्या अर्धा लिटर श्वासातली दीडशे मिलिलिटर हवा तिथेच अडकून परत बाहेर पडते. खरं काम त्यापुढच्या वायुकोशांत चालतं. एक वायुकोश साधारण 0.2 मिलिमीटरचा, आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत सरासरी 48 कोटी वायुकोश निघाले. या सगळ्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर किती जागा लागेल? पुस्तकांत 50 ते 100 चौरस मीटर असे आकडे असतात. मधला 70 धरला तरी साडेसातशे स्क्वेअर फूट होतात. ज्या टू बीएचकेसाठी आपण वीस वर्षं हप्ते भरतो, तेवढा कार्पेट एरिया प्रत्येकजण छातीत घेऊन फिरतोय. भिंतीची जाडी काही ठिकाणी मायक्रॉनच्या एक तृतीयांश. लाल पेशी या भिंतीपाशी पाऊण सेकंद असते आणि तिला प्राणवायू भरून घ्यायला पाव सेकंद पुरतो. बाकीचा वेळ राखीव. पळताना रक्त भराभर जायला लागलं की तो राखीव वेळ कामी येतो.

इथपर्यंत सगळं छान छान. पण या डिझाइनची एक किंमत आहे आणि ती शाळेत कुणी सांगितली नव्हती.

वायुकोशाला आतून पाण्याचा पातळ थर असतो. पाणी म्हटलं की पृष्ठताण आला. पाण्याचा पृष्ठभाग सतत आकसायला बघतो, आणि बुडबुडा जितका लहान तितका आत खेचणारा दाब जास्त. त्रिज्या निम्मी केली की दाब दुप्पट. म्हणजे भरपूर जागा मिळावी म्हणून स्पंज जितका बारीक कराल, तितका तो मिटायला उतावीळ. नुसतं पाणी असतं तर लहान वायुकोश आपली हवा मोठ्यांत रिकामी करून चिकटून बसले असते. फुप्फुसाचा खरा प्रश्न हवा आत घेण्याचा नाही, उघडं राहण्याचा आहे. छातीच्या भिंतीशी ते ज्या किंचित ऋण दाबाने जखडलेलं असतं, तिथे बाहेरून हवा शिरली तर फुप्फुस आकसून पडतं.

यावरचा उपाय वायुकोशांच्या भिंतीतल्याच काही पेशी करतात. सरफॅक्टंट नावाचा, साबणासारखं काम करणारा स्निग्ध पदार्थ त्या पाण्याच्या थरावर पसरवतात आणि पृष्ठताण पाडतात. पोटातल्या बाळात तो चोविसाव्या आठवड्याच्या आसपास बनायला लागतो आणि पुरेसा व्हायला पस्तिसावा उजाडतो.

फॉन नीरगार्ड यांनी 1929 साली दाखवलं होतं की फुप्फुस हवेने फुगवण्यापेक्षा द्रवाने फुगवायला कमी दाब लागतो, म्हणजे आकसण्याचा बराचसा जोर पृष्ठताणाचा आहे. पुढची पंचवीस वर्षं त्याकडे कुणी फारसं बघितलंच नाही. धागा परत हाती लागला तो ब्रिटनमध्ये पॅटल आणि अमेरिकेत क्लेमेंट्स यांच्यामुळे. दोघंही लष्कराच्या रासायनिक युद्धाच्या प्रयोगशाळांत काम करत होते! 1959 साली बॉस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी श्वास न जमून दगावलेल्या बाळांची फुप्फुसं तपासली. त्यांत पृष्ठताण कमी करणारा पदार्थ पुरेसा नव्हता.

कारण कळलं, पण औषध नव्हतं. ऑगस्ट 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन साधारण 2.1 किलो, म्हणजे तसं बरंच. त्याला त्याच बॉस्टनला हलवलं, जास्त दाबाच्या प्राणवायूच्या कक्षात ठेवलं. 39 तासांनी तो गेला. वडिलांना जगातली कुठलीही मदत मागवता आली असती, पण मागवण्यासारखी मदत कुठेच तयार नव्हती.

ती हळूहळू तयार झाली. सतत दाबाने हवा देऊन वायुकोश मिटूच न देण्याची पद्धत 1971 ची. आईला आधीच स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन बाळाची फुप्फुसं लवकर पिकवायची, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 साली दाखवलं. आणि 1980 मध्ये जपानच्या फुजिवारांनी गाईच्या फुप्फुसापासून केलेलं सरफॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं.

माझी भाची एकतिसाव्या आठवड्यात झाली. दीड किलोसुद्धा नव्हती. दर श्वासाला तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता आणि ती कण्हत होती. ते कण्हणं म्हणजे रडणं नव्हे, असं तिथल्या डॉक्टरबाईंनी समजावलं. ती घसा अर्धवट मिटून उच्छ्वास रोखत होती, जेणेकरून उघडलेले वायुकोश परत मिटू नयेत. कुणी न शिकवता. ताईला दोन इंजेक्शनं आधीच दिली होती. मग एका छोट्या बाटलीतून दुधासारखं काही मिलिलिटर औषध नळीने आत सोडलं, आणि मॉनिटरवरचा प्राणवायूचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत वर गेला. ते औषध गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातून काढतात, हे आजीला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. पोरगी आता दुसरीत आहे आणि तिच्या फुप्फुसांबद्दल सोसायटीत कुणालाच शंका नाही.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. उथळ श्वास घेत बसलं की काही वायुकोश हळूच मिटतात. म्हणून मेंदू तासाला डझनभर वेळा तरी आपल्याकडून एक दुप्पट मोठा श्वास घेववतो. तो उसासा. दुःख असो नसो, तो येतोच; त्याने मिटलेले कोश उघडतात आणि भिंत ताणली गेल्यामुळे नवं सरफॅक्टंटही सुटतं. पोटाच्या ऑपरेशननंतर टाके दुखतात, म्हणून माणूस असा श्वास घ्यायचं टाळतो आणि फुप्फुसाचा खालचा भाग बसतो. मग सिस्टर ते तीन रंगीत चेंडूंचं प्लास्टिकचं खेळणं हातात देतात. त्यात फुंकायचं नसतं बरं का, ओढायचं असतं. आणि चेंडू वर गेले की लगेच सोडायचं नाही, दोन-तीन सेकंद तिथेच धरून ठेवायचे.