खांद्याचा काय संबंध?

माणसाच्या पोटात पित्ताशय असते, ही गोष्ट मी शाळेत एका मार्कासाठी पाठ केली होती आणि मार्क मिळाल्याबरोबर विसरून गेलो होतो. पित्ताशयानेही पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे मला आपली आठवण करून दिली नाही. आमचे संबंध असे सलोख्याचे होते. मग एका लग्नात मी बासुंदीची तिसरी वाटी घेतली आणि त्या रात्री दोन वाजता ते संबंध तुटले.

सोनोग्राफीत खडे निघाले. बातमी ऐकताच आमच्या आत्याने सौ.कडे पाहून, "तरी मी म्हणत होते, तांदूळ नीट निवडत जा!" असा निकाल दिला. हे खडे तांदळातून येत नाहीत, पित्त घट्ट होऊन पिशवीतच तयार होतात, हे मी तिला तीनदा समजावून सांगितले. तिने तिन्ही वेळा ऐकून घेतले आणि जाताना सौ.ला एक चांगली चाळणी घ्यायला सांगितली.

पिशवी काढायची ठरली. आमच्या मामांचे हेच ऑपरेशन फार वर्षांपूर्वी जुन्या पद्धतीने झाले होते. बरगड्यांखाली वीतभर व्रण होता आणि पाहुणे आले, की चहा होईपर्यंत मामा तो दाखवत. जुनी पद्धत म्हणजे 1882 साली बर्लिनच्या लांगेनबुख या सर्जनने सुरू केलेली. पोट उघडायचे आणि पिशवी काढायची. पुढे 1985 साली जर्मनीतच एरिख म्यूहे यांनी दुर्बीण घालून बारीक छिद्रांतून ती काढून दाखवली आणि 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी आपल्याकडे ते ऑपरेशन केले. माझ्या वाट्याला आली ती चार छिद्रे. दुसऱ्या दिवशी मी घरी होतो. व्रण म्हणून दाखवायला काही उरणार नाही, एवढेच काय ते दुःख होते.

ते दुःख संध्याकाळपर्यंत टिकले. मग उजवा खांदा दुखू लागला.

पोट दुखले असते तर मी तक्रार केली नसती. ज्याचे ऑपरेशन झाले त्याने दुखावे, हा त्याचा हक्कच आहे. पण खांदा? त्याला कोणी हातही लावला नव्हता. उठून बसलो, की आत कोणीतरी स्क्रू पिळतो आहे असे वाटे. आडवा झालो, की तो मनुष्य चहा प्यायला जाई. पुन्हा बसलो, की पुन्हा कामावर हजर!

घरात मते मांडली गेली. सौ. म्हणाली, "उशी वाकडी झाली असेल." मेहुणे म्हणाले, "भाऊजी, बेशुद्ध असताना टेबलावर तुमचा हात पिरगळला असणार. सोडू नका त्यांना!" शेवटी सौ.ने हॉस्पिटलात फोन केला. तिकडून सिस्टर घाईघाईत म्हणाल्या, "गॅस असतो तो. जाईल," आणि फोन ठेवला.

गॅस! हा शब्द मराठी घरात उच्चारायची खोटी, की फडताळातले सगळे डबे आपोआप उघडतात. ओवा आला, हिंग आला, शेजारच्या काकांनी घरी केलेले पाचक आले. "एकदा वायू सरला की खांदा मोकळा!" असे काका म्हणाले आणि पुढे तासभर माझ्या समोर खुर्ची टाकून वाट पाहत बसले. पन्नाशी उलटलेल्या माणसाकडे चारचौघांनी इतक्या आशेने पाहावे आणि त्याला काही करून दाखवता येऊ नये, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. शेवटी काका निराश होऊन घरी गेले.

रात्र झाली. रात्री दुखणे वाढते की विचार वाढतात, हे अजून मला कळलेले नाही. अडीच वाजता मी पाणी प्यायला उठून बसलो आणि खांद्यात कळ आली. हृदयाचे दुखणे म्हणे खांद्यात उतरते. आता हे कोणाला सांगायचे? सांगितले तर सौ. घाबरेल, म्हणून मी गप्प बसलो. ती जागीच होती. दिवा लावून तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली,

"ती छत्री तुम्ही रिक्षात विसरलात ना?"

"कुठली छत्री?"

"गेल्या जूनमधली! तुम्हाला कशाचं काही नसतं. वस्तू आणायची आम्ही आणि हरवायची तुम्ही!"

पुढची पाच मिनिटे मला छत्रीवरून जे ऐकावे लागले, ते मी इथे लिहीत नाही. ऑपरेशन झालेल्या नवऱ्याला रात्री अडीच वाजता छत्रीचा जाब विचारणारी बायको जगात एकटी माझीच असेल, असे मला वाटले. पण बोलता बोलता तिनेच डॉक्टरांचा नंबर फिरवला आणि फोन माझ्या हातात दिला.

डॉक्टर तरुण होते आणि आश्चर्य म्हणजे चिडले नाहीत. "काका, छातीत दडपण आहे? धाप लागते? घाम? ताप? पोट फुगलंय?" मी सगळ्याला नाही म्हटले. "दुखणं बसल्यावर वाढतं आणि आडवं झाल्यावर कमी होतं?" मी होय म्हटले. तेव्हा ते हसले. "हे मी तुम्हाला आधी सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा बासुंदी कधी खाता येईल ते विचारत होतात."

मग त्यांनी उलगडा केला. दुर्बिणीला आत दिसायला जागा हवी, म्हणून पोटात तीन-चार लिटर कार्बन डायऑक्साइड भरून त्याचा तंबू करतात. हा वायू पेट घेत नाही आणि रक्तात लवकर विरघळतो, म्हणून तोच घेतात. ऑपरेशन संपताना पोट दाबून तो सोडून देतात, भूल देणारे डॉक्टर दोन-चार मोठे श्वास देऊन उरलेला बाहेर लोटतात, तरी थोडा मागे राहतोच. आपण बसलो, की तो वर चढतो आणि छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला डिवचतो. त्या पडद्याची नस निघते मानेतून आणि खांद्याच्या नसाही तिथल्याच. मेंदूला पडद्याच्या तक्रारी ऐकायची सवय नसते. तो समजतो, खांदाच ओरडतोय.

"म्हणजे खांद्याला काहीच झालेलं नाही?"

"काही नाही. पोस्टमन पत्ता चुकलाय."

"आणि ओवा?"

"ओवा आतड्यातल्या गॅसला. हा आतड्याच्या बाहेर आहे. तो रक्तात विरघळून तुमच्या श्वासातून जाणार."

काकांची तासभराची तपश्चर्या कुठे वाया गेली, ते मला तेव्हा कळले. ते चुकीच्या दारावर पहारा देत होते!

डॉक्टरांनी उपाय सांगितले ते अगदी साधे. दुखायला लागले, की आडवे व्हायचे. लिहून दिलेली गोळी दुखणे शिगेला जाईपर्यंत थांबवायची नाही, वेळेवर घ्यायची. खांद्यावर गरम पाण्याची पिशवी, कपड्यात गुंडाळून. दिवसा घरातल्या घरात थोड्या थोड्या फेऱ्या आणि मधून मधून सावकाश दीर्घ श्वास. "दोन-तीन दिवसांत जाईल. पण धाप लागली, ताप आला, पोटात कळा आल्या किंवा डोळे पिवळे दिसले, तर खांद्याचं नाव सांगत घरी बसू नका. सरळ इकडे या."

मी फोन ठेवला आणि सौ.ला म्हणालो, "हृदयाचं काही नाही."

ती काही बोलली नाही. पाणी तापवायला म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि एका पिशवीपुरते पाणी तापवायला तिला बराच वेळ लागला. परत आली तेव्हा डोळे लाल होते. पिशवी माझ्या खांद्यावर ठेवत ती म्हणाली, "संध्याकाळपासून मला तेच वाटत होतं. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही."

तेव्हा कुठे मला छत्रीचा संबंध लागला. दुखत होते एकीकडे आणि ओरड होत होती भलत्याच जागी. पंचवीस-तीस वर्षांत या घरात डब्यांची झाकणे, ओले टॉवेल आणि हरवलेल्या वस्तू यांवरून जे काही झाले, त्यातले किती त्या त्या वस्तूंबद्दल होते आणि किती पत्ता चुकलेले, याचा हिशेब करत मी पडून राहिलो. हिशेब लागेना, पण झोप लागली.

तिसऱ्या दिवशी खांदा कधी थांबला ते कळलेही नाही. काकांनी श्रेय आपल्या पाचकाला दिले आणि मीही ते घेऊ दिले.

चौथ्या दिवशी सकाळी सौ. पुन्हा म्हणाली, "त्या छत्रीचं काय केलंत?" मी समजुतीने हसलो, तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "अगं, मी आता अगदी बरा आहे."

"ते दिसतंय मला," ती हात सोडवून घेत म्हणाली, "मी छत्रीचं विचारतेय."

टाके निघाल्यावर मी पहिली कुठली वस्तू आणली असेल, तर ती छत्री.